प्रकल्प नोंदी: डेमोसीन आणि हौशी गेम प्रोग्रामिंगचा ओळख-संच

६ जानेवारी

संचाचं, म्हणजे नवख्यांसाठीच्या बैठका आणि सरावांचं, उद्दिष्ट आज कागदावर आलं. ज्याने कधी डेमो (संगणकाने त्या क्षणी घडवलेलं चित्र आणि संगीत) पाहिलेला नाही आणि प्रोग्रामिंग फार तर अभ्यासक्रमापुरतं केलं आहे, अशा माणसाने पहिल्याच बैठकीत पडद्यावर स्वतःच्या हाताने काहीतरी हलतं केलेलं असावं. शेवटच्या बैठकीत त्याच्याकडे पूर्ण झालेला एक छोटा डेमो किंवा गेम असावा, आणि तो त्याने सगळ्यांसमोर चालवून दाखवावा.

भर ‘पूर्ण झालेला’ यावर आहे. गेम बनवायची हौस असलेले लोक सुरुवातीला सहसा अडत नाहीत, मध्यावर अडतात. मोठं इंजिन उतरवून घेतात, दहा लेव्हलची गोष्ट लिहितात, पात्रांची चित्रं जमवतात, आणि पहिली लेव्हल उभी राहायच्या आत उत्साह ओसरतो. डेमोसीनकडे, म्हणजे डेमो करणाऱ्या हौशी गटांच्या जगाकडे, या दुखण्यावर जुना आणि चोख उपाय आहे: आधी मर्यादा ठरवायची, मग कामाला हात घालायचा. प्रोग्रामच्या आकाराप्रमाणे ६४ केबी, ४ केबी, २५६ बाइट असे स्पर्धेचे विभागच असतात आणि काम जमा करायची वेळ आधीच जाहीर झालेली असते. जागा भरली की भर घालणं आपोआप थांबतं. नवख्याला याचा जाच होईल असं बाहेरून वाटतं, पण मला खात्री आहे की त्याच्या इतक्या सोयीचं दुसरं काही नाही. अख्खा संच याच भरवशावर उभा करायचा आहे.

९ जानेवारी

ओळखीचं टिपण. सध्याचा मसुदा असा: डेमो म्हणजे चित्र आणि संगीत त्या क्षणी घडवून दाखवणारा प्रोग्राम. आधी तयार करून ठेवलेला व्हिडिओ तो वाजवत नाही. तुम्ही पाहत असता तेव्हा प्रोसेसर खरोखर राबत असतो, आणि त्याच्याकडून कुणाच्या कल्पनेत नव्हतं इतकं काम करून घेणं हाच करणाऱ्याचा मान.

उगमाबद्दल बरीच चर्चा झाली. १९८०च्या दशकात कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, पुढे अमिगा आणि अटारी एसटी या संगणकांवर गेमची कॉपी-बंदी तोडणारे गट होते. तोडलेल्या गेमच्या आधी ते स्वतःच्या नावाची छोटी झलक जोडायचे: धावती अक्षरं, रंगीत पट्टे, चिपवरचं संगीत. हळूहळू ती झलकच जास्त मोलाची झाली, गेम बाजूला पडला आणि नुसत्या झलकी करणारे गट तयार झाले. सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की चोरट्या प्रतींचा उल्लेख नवख्यांसमोर नको. मला तो हवाच आहे. खरा इतिहास आहे म्हणून तर हवाच, शिवाय त्याच्यावाचून डेमोतल्या सवयींचा उलगडा होत नाही. टोपणनावं का असतात, गटाचं नाव पडदाभर का झळकतं, शेवटी इतर गटांना ग्रीटिंग्ज पाठवणारी यादी का येते, हे सगळं तिथूनच आलं. टिपणात त्याची दोन वाक्यं ठेवली आहेत.

वारशाबद्दलची ओळ नेमकी असायला हवी. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला आपापल्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पोलंड आणि नेदरलँड्स त्यांच्यानंतर आले. या त्या-त्या देशाच्या याद्या आहेत. ‘युनेस्कोच्या जागतिक यादीत आहे’ असं सैलपणे बोललं जातं, ते आपल्या टिपणात येऊ द्यायचं नाही.

१४ जानेवारी

साधन ठरलं: टिक-८०. हा प्रत्यक्षात कधीच न बनलेला, फक्त प्रोग्रामच्या रूपात असलेला गेम-संगणक. २४० गुणिले १३६ पिक्सेलचा पडदा, १६ रंग, चार आवाज. कोड, चित्रं, नकाशा, ध्वनी आणि संगीत यांचे संपादक आतच आहेत आणि सगळं मिळून एकच फाइल होते. मुक्त स्रोत आहे आणि ब्राउझरमध्येही चालतं, त्यामुळे कुणाला ‘तुझं मशीन चालणार नाही’ असं सांगायची वेळ येत नाही. पिको-८ सुद्धा फार देखणं आहे, पण त्याची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते. पहिल्या पायरीवर ती अट नको.

थेट जुन्या मशीनच्या असेम्ब्लीपासून, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेपासून, सुरुवात करावी अशीही सूचना होती. कमोडोर ६४ वर चित्र रेखणारा किरण पडद्याच्या कोणत्या ओळीवर पोहोचला आहे ते बघून नेमक्या त्या क्षणी कडेचा रंग पालटायचा, यातला आनंद मला ठाऊक आहे आणि तो इतरांनाही मिळावा असं मनापासून वाटतं. पण ती दुसऱ्या टप्प्याची गोष्ट. पहिल्या दिवशी अंक बदलल्यापासून परिणाम दिसेपर्यंत एखादा सेकंदच गेला पाहिजे.

२२ जानेवारी

दाखवायच्या कामांचा क्रम लावला. निकष एकच: पाहणाऱ्याला काही समजावून न सांगता ते काम किती पोहोचतं.

सुरुवात स्पेसबॉल्स गटाच्या ‘स्टेट ऑफ द आर्ट’ने. १९९२, अमिगा. नाचणाऱ्या व्यक्तीच्या सपाट रंगीत आकृत्या, मागे ठेका. चित्रीकरण करून त्यावरून बाह्यरेषा काढून घेतल्या आणि तेवढ्याच साठवल्या. कुणाला बिट-बाइट माहीत नसले तरी हे पाहताना पाय हलतो. त्यानंतर फ्यूचर क्रूचं ‘सेकंड रिअ‍ॅलिटी’, १९९३च्या असेम्ब्ली या डेमोकारांच्या मेळाव्यात (अशा मेळाव्यांना पार्टी म्हणतात) पहिलं आलेलं. याचा सोर्स कोड २०१३ मध्ये खुला झाला, आणि तो नवख्यांना मुद्दाम दाखवण्यासारखा आहे. प्रत्येक भाग म्हणजे जवळपास स्वतंत्र प्रोग्राम, ज्याने त्याने आपल्या पद्धतीने लिहिलेला, आणि त्यांना ओवणारा एक छोटा सामायिक भाग. एवढं प्रचंड वाटणारं काम सुट्या, आटोपशीर तुकड्यांचं बनलेलं आहे हे डोळ्यांनी दिसतं.

तिसरं फारब्राउशचं ‘क्रीगर’, २००४. बंदूक घेऊन फिरायचा त्रिमितीय गेम, आकार ९७,२८० बाइट. इथे मात्र थांबून समजावणं भाग आहे. भिंतीवरच्या दगडाचं चित्र फाइलमध्ये नाहीच. आधी ठिपके पसर, मग ते धूसर कर, मग त्याला उजेड-सावली दे, मग या दुसऱ्या थरात मिसळ, अशी पायऱ्यांची यादी आहे आणि गेम सुरू होताना संगणक त्या पायऱ्या करून चित्र तयार करतो. पायऱ्या लिहायला थोडे बाइट लागतात, तयार चित्राला खूप. हे एकदा लक्षात आलं की पुढचं ‘एलिव्हेटेड’ समोर ठेवता येतं: २००९, आरजीबीए आणि टीबीसी या गटांचं, डोंगररांगांवरून उडत जाणारं, संगीतासकट ४,०९६ बाइटमध्ये.

‘८०८८ एमपीएच’ हा डेमो यादीत आहे पण शेवटच्या बैठकीसाठी. १९८१च्या आयबीएम पीसीवर, ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर आणि एका वेळी चार रंगांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कार्डावर त्या मंडळींनी २०१५ मध्ये १,०२४ रंग उमटवले. रंगांच्या मर्यादेशी स्वतः झगडल्याशिवाय याचं मोल कळत नाही.

गेमशी असलेलं नातं वेगळं भाषण न करता इथेच सांगायचं: फ्यूचर क्रूमधल्या काहींनी १९९५ मध्ये रेमेडी ही गेम कंपनी काढली, आणि डाइस ही कंपनी अमिगावरच्या द सायलेंट्स या गटातल्या मंडळींनी.

दोन व्यवहाराच्या बाबी. छोट्या आकारात दाबलेल्या प्रोग्रामवर अँटीव्हायरस संशय घेतो, म्हणून बैठकीत मूळ फाइल फक्त आमच्या मशीनवर चालवायची आणि सहभागींना पाहण्यासाठी चित्रमुद्रित प्रत द्यायची. दुसरी जास्त गंभीर: बऱ्याच डेमोंत वेगाने प्रकाश झपकतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झपके असलेला भाग काही जणांना अपायकारक ठरू शकतो. अशा कामाआधी स्पष्ट सूचना द्यायची आणि बाहेर जायला वेळ द्यायचा.

३० जानेवारी

पहिली बैठक झाली. विषय प्लाझ्मा, म्हणजे पडदाभर वाहणाऱ्या रंगीत लाटा.

कोड हातात दिला तो मोजक्या ओळींचा. प्रत्येक पिक्सेलचा आडवा क्रमांक १६ ने भागून त्याचा साइन घ्यायचा, उभ्या क्रमांकाचंही तसंच, दोन्हींची बेरीज करायची. बेरीज उणे दोन ते दोन यामध्ये राहते. तिला चारने गुणून आठ मिळवले की शून्य ते सोळा हा पल्ला मिळतो; तोच रंगाचा क्रमांक, सोळा आला की पुन्हा शून्य. भागाकारानंतर त्यात सरकता काळ मिळवला की पडदा वाहू लागतो. टिक-८० च्या मूळ रंगपटाचा क्रम काळा, जांभळा, लाल, नारिंगी, पिवळा, मग हिरव्या आणि निळ्या छटा, पांढरा, करडे असा आहे, म्हणून काहीही न सजवता पहिल्याच फटक्यात सुंदर दिसतं. ही निवड कुणीतरी विचाराने केली आहे आणि नवख्याला तिचा थेट लाभ मिळतो.

सूचना एवढीच दिली: कुठलाही अंक बदला आणि बघा. १६ च्या जागी ५ केले की लाटा आखूड होतात. १ केला की बारीक जाळी. का, ते कुणीतरी विचारलंच: साइनची एक लाट पूर्ण व्हायला सुमारे ६.२८ लागतात, त्याला १६ ने गुणलं की साधारण १०० पिक्सेल, म्हणून २४० च्या पडद्यावर जवळजवळ अडीच लाटा. त्रिकोणमिती शाळेत नकोशी झालेल्या मुलीने स्वतः कागदावर हे मांडून ‘मग ३८ टाकलं तर एकच लाट’ असं सांगितलं आणि टाकून बघितलं. बरोबर एक लाट.

मग तिच्या शेजारच्याने बेरीज काढून टाकली आणि आडवा गुणिले उभा भागिले २० याचा साइन घेतला. डाव्या वरच्या कोपऱ्यातून वक्र रेषा पसरल्या, आणि वरच्या कडेला मध्याच्या जरा पुढे त्याच वक्र रेषांचं आणखी एक केंद्र उमटलं. कोडमध्ये तिथे काहीच नाही. तो ते केंद्र शोधत बसला आणि १२६व्या पिक्सेलपाशी सापडलं. २० गुणिले ६.२८ म्हणजे १२५.६: त्या स्तंभात प्रत्येक पिक्सेलला लाट अख्खी पुढे सरकते, पूर्ण पिक्सेलवरच मोजत असल्यामुळे मधली धाव दिसत नाही, आणि चित्र जणू सरकलंच नाही असं वाटतं. डाव्या कडेला खाली तेच. नमुने घेण्याच्या शास्त्रातला हा मूलभूत धडा त्याला कुणी शिकवला नाही, त्याने तो पकडला. माझ्यासाठी संचाचं सगळं समर्थन या एका गोष्टीत आहे.

हळू मशीनवर फ्रेम अडखळत होत्या. पडद्यावर ३२,६४० पिक्सेल आहेत, प्रत्येकाला दोन साइन म्हणजे एका फ्रेममध्ये ६५,२८०. थोडा वेळ दिल्यावर उत्तर गटातूनच आलं: आडव्या भागाचा साइन उभ्यावर अवलंबून नाही, तर २४० आडवे आणि १३६ उभे आधी मोजून ठेवायचे. ३७६ साइन, बाकी नुसती बेरीज. जुन्या डेमोकारांच्या साइनच्या सारण्या याच विचारातून आल्या, हे मग एका वाक्यात सांगून झालं.

६ फेब्रुवारी

तारांगण. प्रत्येक ताऱ्याला आडवं, उभं आणि खोली असे तीन अंक. आडवं आणि उभं खोलीने भागायचं, पडद्याच्या मध्यापासून मोजायचं, आणि प्रत्येक फ्रेमला खोली कमी करायची. त्रिमितीचा सगळा आभास त्या एका भागाकारात आहे. बैठक सरळ पार पडली. शून्याने भागाकार होण्याआधी तारा मागे पाठवायचा, ही टीप सरावाच्या कागदावर ठळक करायला हवी.

१३ फेब्रुवारी

आकाराची जाणीव कशी द्यायची यावर काम. ‘२५६ बाइट’ हा आकडा ऐकून कुणाच्याच डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. सापडलेली रीत: देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे २५६ बाइटमध्ये ८५ चिन्हं बसतात. प्रत्येकाला आपापली ओळख त्यात बसवायला सांगितली. एखाददुसऱ्या वाक्यात जागा संपते. त्यानंतर लगेच डिझायर गटातल्या हेलमूडचं ‘मेमरीज’ लावलं. २०२०चं, डॉस या जुन्या पीसी-प्रणालीसाठीचं, त्याच २५६ बाइटमध्ये एकामागून एक वेगवेगळी दृश्यं आणि संगीतही. आकड्याचा अर्थ सांगायची गरज उरली नाही.

एक मात्र जपायचं. आकार कमी करण्याची कुस्ती हे डेमोसीनचं एक अंग आहे, प्रवेशाची अट नव्हे. सरावाच्या कामांना आम्ही बाइटची मर्यादा घालत नाही. टिक-८० चा पडदा, रंग आणि आवाज हीच त्यांची चौकट पुरेशी आहे.

२० फेब्रुवारी

गेमची बैठक. नुसती उडी शिकवली. आख्खी बैठक एका उडीवर घालवणं जास्त वाटेल, पण धावण्या-उडी मारण्याच्या गेमचा जीव तिथेच असतो.

खेळाडूला उभा वेग द्यायचा, प्रत्येक फ्रेमला त्यात गुरुत्व मिळवायचं, वेगाने जागा बदलायची. सुरुवातीचा वेग ३ पिक्सेल आणि गुरुत्व ०.२ धरलं तर उडी साधारण २२ पिक्सेल उंच जाते, म्हणजे आठ पिक्सेलच्या जवळपास तीन चौकटी, आणि हवेत ३० फ्रेम, अर्धा सेकंद. गुरुत्व ०.१ केलं की उंची ४५ आणि एक सेकंद हवेत. हाताला लगेच ढिलं लागतं. हे अंक आधी सांगितले नाहीत. प्रत्येकाने आपल्याला बरी वाटेल अशी उडी शोधली आणि मग आम्ही ती मोजून फळ्यावर मांडली. बहुतेकांनी उतरतानाचं गुरुत्व चढतानापेक्षा जास्त ठेवलं होतं, कुणी न सांगता. कसलेले गेम बनवणारेही तेच करतात.

शेवटी कडेचा प्रश्न. खेळणारा म्हणतो ‘मी कडेवरच बटण दाबलं होतं’, प्रोग्राम म्हणतो पाय सुटला होता. दोघंही खरे असतात, कारण हाताला आणि डोळ्याला वेळ लागतो. उपाय म्हणजे कडा सुटल्यावरही सहाएक फ्रेम, दशांश सेकंद, उडीला मुभा द्यायची. त्याला कायोटी टाइम म्हणतात. मुभा घातलेला आणि न घातलेला असे दोन्ही गेम हातात दिल्यावर फरक काय आहे ते ओळखता येत नव्हतं, पण कुठला आवडला ते सगळे एका सुरात सांगत होते. गेम बनवणं म्हणजे खेळणाऱ्याची बाजू घेणं, हे मला या बैठकीतून पोहोचवायचं होतं.

२७ फेब्रुवारी

संगीत. ट्रॅकरचा, म्हणजे ओळी-स्तंभांत स्वर लिहून संगीत करायच्या प्रोग्रामचा, इतिहास थोडक्यात: १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्कीने अमिगासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर लिहिला. अमिगाच्या ध्वनी-चिपला चार वाहिन्या, म्हणून पडद्यावर चार स्तंभ. स्वर वरून खाली ओळीने लिहायचे आणि ६४ ओळींचा एक पॅटर्न. टिक-८० चा संगीत-संपादकही त्याच घराण्यातला, चार स्तंभांचा.

सर्वाधिक उपयोगी पडला तो ताळमेळाचा हिशेब. जुन्या ट्रॅकरच्या मॉड या संगीत-फाइलच्या ठरावीक चालीत, टेम्पो १२५ आणि स्पीड ६ असताना, एक ओळ ०.१२ सेकंदांची. चार ओळींचा एक ठोका ०.४८ सेकंद, अख्खा पॅटर्न ७.६८ सेकंद. चित्र मात्र सेकंदाला ६० फ्रेमने चालतं, आणि एका ठोक्यात २८.८ फ्रेम येतात. पूर्ण अंक नाही! फ्रेम मोजून ठोक्यावर चमक आणायला गेलं की ठोका २९ फ्रेमचा धरावा लागतो, दर पाच ठोक्यांना चित्र एक फ्रेम मागे पडतं आणि हा फरक साचत जातो. म्हणून घड्याळ संगीताचं धरायचं: सध्या कोणती ओळ वाजते आहे ते मेमरीतून वाचायचं आणि त्यावर चित्र बांधायचं. ‘संगीत आणि चित्र एकजीव आहे’ असं आपण डेमोबद्दल म्हणतो त्यामागे पुष्कळदा एवढी साधी शिस्त असते.

६ मार्च

एका सहभागीला शीर्षक देवनागरीत हवं आहे, तेही जुन्या धर्तीवर लाटेत डोलत सरकणारं. टिक-८० च्या अंगभूत अक्षरांत देवनागरी नाही, आणि आठ गुणिले आठच्या चौकटीत वेलांटी-रुकार बसवायला जागाच उरत नाही. अक्षरं १६ पिक्सेल उंच काढायची ठरलं: वर तीन ओळी मात्रा-वेलांट्यांना, एक शिरोरेषेला, आठ अक्षराच्या अंगाला, खाली चार उकारांना. जोडाक्षरं जुळवण्याचा प्रोग्राम लिहिण्याऐवजी अख्खा शब्द चित्र म्हणून काढला. चित्रपट्टी १२८ पिक्सेल रुंद आहे, छोटं शीर्षक सहज मावतं.

मग लाट. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक अक्षर एकसंध वर-खाली होत होतं. रोमन अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे पायऱ्यांसारखे तुकडे पडतात. दुसऱ्या आवृत्तीत शब्द एक-एक पिक्सेल रुंदीच्या उभ्या पट्ट्यांत कापला आणि प्रत्येक पट्टीला तिच्या जागेप्रमाणे साइनने वर-खाली केलं. शिरोरेषा अखंड लाट झाली, अक्षरं तिला लटकून झुलायला लागली. डेमोसीनमध्ये धावती अक्षरं चार दशकं आहेत, पण या परिणामात आपली लिपी काहीतरी स्वतःचं घेऊन येते आणि ते किती देखणं आहे हे पाहून मी फार खूश आहे. हा सराव संचात कायमचा घ्यायचा.

१३ मार्च

कोड लिहायचा नसलेले दोघं आहेत. त्यांना बाहेरचे समजायचं कारण नाही: पार्ट्यांमध्ये पिक्सेल चित्रांच्या आणि ट्रॅकर संगीताच्या वेगळ्या स्पर्धा पूर्वापार असतात आणि गटात कोडर, चित्रकार, संगीतकार बरोबरीने नाव लावतात. त्यांना तारांगणावर काम करणाऱ्या एका मुलीबरोबर जोडलं. टोपणनाव घ्यायची मुभाही सगळ्यांना सांगितली. बुजणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. काम पुढे येतं, माणूस हवा तेवढाच.

२० मार्च

कॉम्पोचे, म्हणजे शेवटच्या स्पर्धेचे, नियम. शेवटच्या बैठकीत सगळ्यांची कामं मोठ्या पडद्यावर एकामागून एक, दिवे घालवून, आवाज पूर्ण. जमा करायची वेळ ठरलेली आणि ती पाळायची. गेम असेल तर करणाऱ्याने दोन मिनिटं खेळून दाखवायचा. मतदान पाहणाऱ्यांनीच करायचं, परीक्षक नाहीत. दुसऱ्याचा कोड वापरला तर तसं लिहायचं, आणि कोड कुठूनही आलेला असो, कोणतीही ओळ विचारली तर ती काय करते ते सांगता आलं पाहिजे.

क्रमांक जाहीर करायचे का यावर मतभेद होते. मी जाहीर करण्याच्या बाजूने आहे. डेमोसीन पहिल्यापासून चुरशीवर वाढलं आणि त्यात मोकळेपणा आहे: हरलेला जिंकलेल्याला जाऊन विचारतो की ते कसं केलंस, आणि जिंकलेला सांगतो. फक्त पहिले तीन वाचायचे, बाकीचे क्रम वाचायचे नाहीत, यावर एकमत झालं.

२९ मार्च

कॉम्पो झाला. सगळ्यांनी काही ना काही जमा केलं. अर्धवट कामं नव्हती असं नाही, पण प्रत्येक काम सुरू होत होतं आणि संपत होतं, त्याला शीर्षक होतं आणि शेवटी ग्रीटिंग्ज होत्या. पहिला क्रमांक एकाच पडद्याच्या गेमला मिळाला: वर चढत जायचं, खालून प्लाझ्मा लाव्हासारखा वर येतो. ज्याने १२६व्या पिक्सेलवरचं केंद्र शोधलं होतं त्याने त्या फसव्या केंद्रांवरच अख्खा डेमो बांधला, भागाकाराचा अंक संगीताच्या ओळीबरोबर बदलत ठेवला आणि केंद्रं पडदाभर एकमेकांतून सरकत राहिली. त्याला मतं थोडी कमी पडली. माझं मत त्याला होतं.

‘८०८८ एमपीएच’ नंतर लावलं. १६ रंगांत काम केलेल्या माणसांनी ते पाहिलं आणि पहिला प्रश्न आला तो ‘कसं’ असा. बैठक लांबली, कुणी उठलं नाही.

५ एप्रिल

पुढे कुठे जायचं याचं पान. मोजकंच ठेवलं आहे.

डेमोकडे कल असेल त्यांना: जर्मनीत सारब्रुकेन इथे ईस्टरला होणारी रिव्हिजन, २०११ पासून, फिनलंडची असेम्ब्ली, १९९२ पासून, आणि फक्त छोट्या आकाराच्या कामांसाठी ऑनलाइन होणारी लव्हबाइट, जिथे टिक-८० वाल्यांना सहज शिरता येतं. शेडरकडे (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा, ग्राफिक्स कार्डवर चालणारा छोटा प्रोग्राम) वळायचं असेल तर इन्यिगो किलेझ आणि पोल जेरेमियास यांचं शेडरटॉय, ब्राउझरमध्येच; तिथे गोल काढणं म्हणजे केंद्रापासूनच्या अंतरातून त्रिज्या वजा करणं, इतक्या साध्या सूत्राने सुरुवात होते.

गेमकडे कल असेल त्यांना: लुडम डेअर ही गेम बनवायची स्पर्धा, २००२ पासून, एकट्याने ४८ तासांत किंवा गटाने ७२ तासांत. आणि जेएस१३के ही ऑनलाइन स्पर्धा, १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर, जावास्क्रिप्टमधला अख्खा गेम १३ केबीच्या झिपमध्ये. आमच्या गटाला मी दुसरी आधी सुचवेन. वेळ महिनाभराचा मिळतो आणि मर्यादा कडक आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी सोय.

पान देताना एकच विनंती जोडली आहे: पाहणारे म्हणून जाऊ नका, काहीतरी जमा करायला घेऊन जा. छोटं असलं तरी चालेल.

११ एप्रिल

फाइलींची आवराआवर. प्रत्येक सराव तीन अवस्थांत ठेवला: रिकामा सांगाडा, चालणारी साधी आवृत्ती, आणि टिपांसकट पूर्ण. वापराची परवानगी पहिल्याच पानावर लिहिली, की कुणीही घ्यावं, बदलावं, शिकवावं, नाव द्यावं. सहभागींची कामं त्यांच्या संमतीनेच आणि त्यांच्या टोपणनावांनी.

राहिलेलं काम: स्क्रोलरच्या, म्हणजे सरकत्या शीर्षकाच्या, उभ्या पट्ट्यांवर टिपा लिहिणं, झपक्यांच्या सूचनेची पट्टी प्रत्येक चित्रमुद्रित प्रतीच्या सुरुवातीला जोडणं, तारांगणाच्या कागदावर शून्याची टीप. पुढच्या गटाची प्लाझ्माची बैठक या गटातले दोघं घेणार आहेत, त्यांच्याबरोबर एकदा पूर्ण तालीम करायची आहे.